स्वयंपाकघरातल्या अकरा फरश्या

पिंगळी, ५ मे २०२५

सौ. नर्मदाबाई यांस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहिणार होतो. पण सध्याची एकंदर परिस्थिती पाहता नमस्कारच लिहितो.

तू सेलूला भावाकडे जाऊन आज चार दिवस झाले. या चार दिवसांत मी तुला सतरा वेळा फोन केला. अठराव्या वेळी सूर्यभाननं उचलला आणि तुझा निरोप दिला, "ताई म्हणायलीय, फोनवर तुमी निस्तं बोलता, ऐकत न्हाई. काय सांगायचं ते लिहून धाडा." लिहायचं म्हटलं की मी गार पडेन असा तुझा अंदाज असेल. पण रेल्वेत तेहतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ मुकादम म्हणून. रोजचा अहवाल माझ्याच हातचा असायचा आणि साहेब तो दुसऱ्यांना वाचून दाखवायचे. आपल्या गावातली पोस्टाची पेटी कधी उघडतात ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून हे पत्र बालाजीच्या हाती देतोय. तो सेलूच्या कापड दुकानात कामाला रोज अप-डाऊन करतोच.

घर सुस्थितीत आहे. तुळशीला पाणी घालतो. दूध दोनदा उतू गेलं, एकदा नासलं. बाकी विशेष नाही.

आता त्या दिवशीच्या प्रकरणाबद्दल. माझी बाजू तू ऐकूनच घेतली नाहीस. रिटायर झाल्यापासून मी रोज सकाळी घराची पाहणी करतो आणि ते तुला आवडत नाही, हे मला माहीत आहे. पण सवय कुठं जाते? इतकी वर्षं हातोडा खांद्यावर टाकून रुळाच्या कडेनं चाललो. रूळ घट्ट धरणारी एकेक लोखंडी चावी ठोकायची. खणखणीत वाजली तर पुढं चालायचं, भद्द वाजली तर थांबून घट्ट करायची, कारण वर माणसांनी भरलेली गाडी येत असते. त्या दिवशी मनात आलं, भिंती ठोकून झाल्या, दारं झाली, फरशी तेवढी राहिली. म्हणून स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरश्या ठोकून बघितल्या. अकराच्या अकरा भद्द! मी खडूनं फुल्या मारल्या आणि म्हणालो, "हे काम कोणी केलं? समदं पोकळ हाय." शेजारच्या रुख्मिणीवहिनी ताक न्यायला आल्या होत्या, त्या हसल्या. तू गॅस बंद केलास, कणीक झाकून ठेवलीस, पिशवी भरलीस आणि दहाच्या गाडीनं निघून गेलीस.

त्यात एवढं रागावण्यासारखं काय होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. मी काही तुला पोकळ म्हणालो नव्हतो, फरशीला म्हणालो होतो.

असो. तुझी अट सूर्यभाननं सांगितली. "स्वयंपाकघर जसं होतं तसं करा, मग येते." एवढंच ना? मग तू पिशवी भरायला घे. मी जसं होतं त्याहून चांगलं करून देतो. पंधरा दिवस धर.

तुझा,
भुजंग

पिंगळी, १४ मे

सौ. नर्मदाबाई यांस नमस्कार,

काम जोरात चालू आहे, म्हणून पत्राला उशीर झाला. तू वाट बघत नसणारच, पण लिहायची रीत म्हणून लिहिलं.

अकरा फरश्या पहारीनं उचलून अंगणात भिंतीला टेकवून ठेवल्या. गॅस व्हरांड्यात आणला. वारा आला की विझतो आणि आला नाही तर मी घामानं भिजतो. वरण मला येतं, भात येतो, भाकरीचं मात्र जमत नाही. पहिली तव्यावर टाकली ती रुख्मिणीवहिनींनी कुंपणावरून बघितली आणि तेव्हापासून त्या दोन्ही वेळच्या भाकरी पाठवायल्या आहेत. देताना दर वेळी विचारतात, "दादा, झालं का खोदकाम?" मी म्हणतो खोदकाम नाही, दुरुस्ती आहे.

आता जरा गंभीर गोष्ट. फरश्यांखाली मला काय सापडलं असेल? सिमेंटचा कणसुद्धा नाही. चार बोटं जाड नुसती वाळू, चाळणीनं चाळलेली, आणि तिच्याखाली काळी माती. मी तिथंच खाली बसलो. बन्सीधर मिस्त्रीनं तुला फसवलं, दुसरं काय! घर बांधलं तेव्हा मी परळीच्या बाजूला ड्यूटीवर, आठवड्यातून एक दिवस घरी. तू एकटी बाई, पोरगी लहान, उन्हात उभं राहून बांधून घेत होतीस. त्यानं सिमेंट वाचवलं आणि वाळूवर भागवलं. यात तुला मी अजिबात दोष देत नाही, हे ठळक अक्षरात लिहितोय. तुला बांधकामातलं काय कळणार? भेटू दे तो मिस्त्री, बघतोच त्याला.

ती सगळी वाळू काढून टाकली. रुख्मिणीवहिनींनी त्यांच्या म्हशीखाली टाकायला नेली, म्हणजे वाया गेली नाही. खालची माती ठोकून घट्ट केली. त्यावर आता सिमेंट-वाळूचा चांगला जाड थर घालून फरश्या बसवणार. शिवाय जमीन उघडीच आहे तर मोरीचा जुना पाईपही बदलून टाकला. तो गळत नव्हता, पण एकोणीस वर्षांचा होता. जोड माझ्या हातानं मारलाय, परत बघायला नको.

तू एका ओळीचं तरी उत्तर दे. बालाजी परत येताना रिकामाच येतो.

भुजंग

पिंगळी, २६ मे

सौ. नर्मदाबाई यांस आनंदानं नमस्कार,

झालं!

अकराच्या अकरा फरश्या सिमेंटात. आठ दिवस गोणपाट टाकून पाणी मारलं. काल संध्याकाळी हातोडा घेऊन एकेक ठोकली. काय आवाज, नर्मदा! देवळातली घंटाच. रुख्मिणीवहिनींना मुद्दाम बोलावून ऐकवलं. त्या म्हणाल्या, "वाजायला लय भारी हाय, पण दादा, फरशीवर चालायचं असतंय न?" त्यांना यातलं काही कळत नाही.

गॅस आत नेला. डबे तुझ्या क्रमानं लावले. मोहरी आणि राळं यांत माझा गोंधळ झालाय, तो तू आल्यावर सुटेल. भिंतीला चुना दिला. तुझी अट पूर्ण झालेली आहे, तेव्हा सोमवारच्या गाडीनं यावं. मी स्टेशनवर येतो. येणार असलीस तर बालाजीला सांग, म्हणजे मी वांगी आणून ठेवतो.

एक गोष्ट मात्र कळली नाही. बालाजी म्हणाला की मागचं पत्र वाचून तू एवढंच विचारलंस, "वाळू कुठं टाकली?" अगं, लिहिलं होतं की, म्हशीखाली. तिचं आता काय करायचं आहे?

भुजंग

पिंगळी, ९ जून

सौ. नर्मदाबाई यांस,

तू सोमवारी आली नाहीस. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाहीस. मी दोन्ही वेळा स्टेशनवर होतो. स्टेशनमास्तर म्हणाले, भुजंगराव, रिटायर झालात तरी गाडी सोडवत नाही का? मी हो म्हणालो.

घर ठीक आहे. स्वयंपाकघराचं दार सध्या पूर्ण उघडत नाही, अर्धं उघडतं. मी आडवा होऊन आत जातो. माझ्या अंगानं जमतं, तुला थोडं अवघड जाईल. (हे वाक्य खोडलेलं समज.) फ्रिज किंचित पुढं झुकून उभा आहे, म्हणून त्याचं दार आपोआप उघडतं, तेवढीच सोय. काल कणीक मळायला बसलो तर परात हळूहळू मोरीकडं सरकायला लागली. उन्हाळा जास्त असला की असं होत असावं.

बालाजीनं मात्र काल एक बातमी आणली आणि माझं जेवण राहिलं. सूर्यभाननं तुला माडीवरची खोली दिली म्हणे. ते ठीक आहे, बहीण आहेस. पण तू त्या खोलीला रंग देऊन घेतलास? पिस्ता रंग? खिडकीला नवी जाळी ठोकून घेतलीस? बालाजी म्हणाला, "ताई स्वतः उभ्या राहून रंगाऱ्याकडून दुसरा हात मारून घ्यायल्या होत्या." चार दिवसांसाठी आलेलं माणूस रंगाचा दुसरा हात मारून घेत नाही, नर्मदा. आपल्या घराला तू एकोणीस वर्षं रंग दिलास, गच्चीच्या भेगा भरल्यास, नळाचे वायसर बदललेस. तू ज्या घराची अशी काळजी घेतेस तिथं तू राहतेस, हे मला माहीत आहे. म्हणून मला भीती वाटायला लागली आहे.

पत्र इथंच संपवणार होतो. पण दोनदा पाकिटात घालून परत काढलं. खरं काय ते लिहितो.

फरशी फुगली आहे. किंचित नाही. मधोमध वीतभर उंच झाली आहे, आपल्या स्वयंपाकघरात टेकडी तयार झाली आहे. तीन फरश्या आरपार तडकल्या. मोरीच्या पाईपाचा मी मारलेला जोड खालच्या खाली गळत होता, पंधरा दिवस. मला पत्ता नाही. त्या जोडाबद्दल मी तुला काय लिहिलं होतं ते तू परत वाचू नकोस.

मी परत व्हरांड्यात आलोय.

भुजंग

पिंगळी, १७ जून

नर्मदा,

आज मायना लिहायला सुचत नाही. जे झालं ते सरळ सांगतो.

मी परवा बन्सीधर मिस्त्रीकडे गेलो. भांडायला गेलो होतो. तो आता म्हातारा झालाय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेला असतो. मी म्हणालो, चल, तुझं काम बघायला. तो काठी टेकत आला. दारातून आत जाता आलं नाही, म्हणून उंबऱ्यावरच बसला. टेकडीकडं बघितलं. मला म्हणाला, "हितली वाळू कुठं गेली?"

दोन माणसांनी एकच प्रश्न विचारला की मनात काहीतरी हलतं. पण मी तोंडात भरून आणलेलं सगळं ओतलंच. एकट्या बाईला फसवलंस, सिमेंट चोरलंस, एकोणीस वर्षं आमी पोकळ फरशीवर जेवलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, हे काम माझं न्हाईच."

"मग कोणाचं?"

"वहिनीचं."

मी म्हणालो, कोणत्या वहिनीचं? नर्मदा, मी खरंच असं विचारलं.

त्यानं काठी बाजूला ठेवली. "त्या सालात माझा बाप वारला. मी गावाकडं गेलो. तुमचं स्वयंपाकघर तेवढं राहिलं होतं. मुरमाचं ट्रॅक्टर आलंच न्हाई, म्हणून आत काळी मातीच भरली होती. तेरवी करून परत आलो तं अकरा फरश्या बसलेल्या. वहिनीनं चार दिसात बसवल्या. एकटीनं. खाली वाळू चाळून, पाट्यानं सपाट करून. मी हातोडी मारून बघितली तं पोकळ. म्हणलं वहिनी, काढतो, सिमेंटात बसवून देतो."

"मग?"

"तं वहिनी म्हणल्या, 'राहू द्या मिस्त्री. काळी माती पाणी प्याली की फुगती आन् वाळली की फाटती. तिला हलायला जागा पाहिजे. माझ्या बापाच्या गोठ्यात असंच हाय, बैल उभे ऱ्हातेत त्याच्यावर.' मी हसलो, दादा. त्याच मातीवर मागची पडवी मी सिमेंटात बसवून दिली. ती किती डाव फाटली ते तुमीच सांगा."

सहा वेळा. मी दर दोन-तीन वर्षांनी सुट्टीत तिच्या भेगा भरत आलोय आणि घरासाठी किती राबतो म्हणून तुला ऐकवत आलोय. तू भेगा भरायचं पाणी आणून द्यायचीस आणि एक शब्द बोलायची नाहीस.

मग तो म्हातारा मला म्हणाला, "दादा, तुमी एवढी रेल्वे केली. तुमचा रूळ कशावर हाय? खडीवरच हाय न? सिमेंटात गाडलाय का कुणी?"

तरुणपणी तीच खडी मी स्लीपरखाली फावड्यानं सारून सारून भरली. गाडी गेली की रूळ इतकासा दबतो आणि परत वर येतो, म्हणून तर टिकतो. हे मी नव्या पोरांना शिकवत होतो आणि घरात येऊन हातोडा मारून सांगितलं की पोकळ आहे.

जाताना मिस्त्री अजून एक बोलला. "त्या पडवीनंतर मी काळ्या मातीवरची समदी कामं वाळूवर केली. पंधरा-वीस घरं झाली असतील, पार ताडकळसपर्यंत. लोक म्हणतेत, बन्सीधरचं काम फुगत न्हाई. वहिनीचं नाव म्या कधी घेतलं न्हाई. त्येचं वाईट वाटतंय." त्यानं हे माझ्याजवळ कबूल केलं, म्हणून तुला कळवतो. त्याच्यापेक्षा मला जास्त वाईट वाटलं पाहिजे आणि वाटतंही आहे.

त्या वर्षी तुझ्या अंगठ्याचं नख गेलं होतं. दारात बोट सापडलं म्हणालीस. मी म्हणालो, बघून चालत जा जरा. आज संध्याकाळी मी फुगून सुट्या झालेल्या फरश्या हातानं उचलून बघितल्या. एकेक फरशी उचलताना माझी कंबर धरते, आणि मी पुरुष माणूस, जन्मभर लोखंड उचललेला. तू त्या अकरा कशा उचलल्यास? राजेश्री पाच वर्षांची होती. तिला कुठं ठेवत होतीस?

मला लाज वाटली, नर्मदा. फुल्या मारल्याची तर वाटलीच. पण 'तुला बांधकामातलं काय कळणार' असं मी लिहिलं आणि ते तू तिथं बसून वाचलंस, त्याची जास्त वाटली.

भुजंग

पिंगळी, २३ जून

प्रिय नर्मदा,

असं याआधी कधी लिहिलं नव्हतं, पण आता लिहायला हरकत नाही.

गेले सहा दिवस काम केलं. सगळं सिमेंट छिन्नीनं फोडून काढलं. आठ फरश्या साबूत निघाल्या, तीन गेल्या. पाईप उपटून टाकला आणि माणूस बोलावून नवा टाकून घेतला. मी फक्त चहा दिला. माती वाळत घातली आहे. वाळू नवी आणली, चाळली. चाळताना डोळ्यांत गेली, नाकात गेली, पायजम्यात गेली. तुझ्या लुगड्यात किती गेली असेल, असं मनात येत होतं.

रुख्मिणीवहिनींना मी कुंपणापाशी बोलावलं आणि सांगितलं, की वहिनी, त्या दिवशी मी पोकळ म्हणालो ते चुकलं. ते काम हिच्या हातचं होतं आणि या गल्लीतली सगळ्यात टिकाऊ फरशी तीच होती. तुमच्यासमोर बोललो, म्हणून तुमच्यासमोरच मागं घेतो. त्या म्हणाल्या, "अवो दादा, आमाला समद्यायला माहीत होतं. त्या चार दिवसांत राजेश्री आमच्याच घरी होती. मी हसले ते त्येच्यासाठीच, की बगा, ह्यायला अजून माहीत न्हाई." म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि त्या घरात राहणाऱ्यालाच नव्हतं.

काल एक कोपरा तासलेली फरशी वाळूवर बसवून बघितली. डुलते. काढली, परत बसवली. दुसऱ्या कोपऱ्यातून डुलते. दिवसभरात नऊ वेळा तीच एक फरशी बसवली. बन्सीधरला विचारता आलं असतं, पण विचारायचं नाही असं ठरवलं. तुझी गोष्ट तुलाच विचारतो. वाळू ओली घ्यायची का कोरडी? फरशी ठेवल्यावर ठोकायची कशानं? मोरीकडं उतार किती द्यायचा आणि तो तू कशानं मोजला होतास? सांधे कशानं भरायचे? एवढं लिहून पाठव, म्हणजे मी जमेल तसं करतो.

खरं तर तुझी अट मला पाळता येणार नाही. 'जसं होतं तसं' हे माझ्या हातून होणार नाही, ते या घरात एकाच माणसाला येतं. म्हणून अट बाजूला ठेवून सांगतो. तुला माडीवरची खोली आवडली असेल तर राहा. मी तिथं येऊन पिस्ता रंग बघून जाईन, आणि भिंत ठोकणार नाही. पण मला विचारशील तर तू घरी यायला हवीस. फरशीसाठी नाही. फरशीवाचून दीड महिना निघाला, अजूनही निघेल. तुझ्यावाचूनचं मात्र मला जमत नाही. संध्याकाळी व्हरांड्यात बसलो की दिवसभरात काय बिघडलं ते सांगायला कोणी नसतं. रुख्मिणीवहिनींना सांगितलं तर त्या भाकरी देतात आणि जातात.

तुझा,
भुजंग

सेलू, २५ जून

राजेश्रीच्या बाबास्नी नमस्कार.

तुमची समदी पत्रं मिळाली. पहिल्यापासून हितं मोठ्यानं वाचली जातेत, सूर्यभान वाचतो आन् आमी ऐकतो. 'हे वाक्य खोडलेलं समज' त्याच्यावर भावजय दोन दिस हसायली होती. दाराचं मी आल्यावर बघते, कोण जातं आन् कोण अडकतं. शेवटची दोन पत्रं मात्र मी सूर्यभानला दिली न्हाईत. मी एकलीनंच वाचली.

मी तुमच्यासारखी अहवालवाली न्हाई. सातवीपतूर शिकले, जसं बोलते तसं लिहायलेय.

तुमाला वाटलं मी पोकळ म्हणल्यामुळं गेले. तसं न्हाई. पोकळ तं ती होतीच, मीच ठेवली होती. पण तुमी इचारलं, हे काम कोणी केलं. एकोणीस वर्षं मी वाट बघायले होते की ह्या माणसानं एकदा खाली बघावं आन् इचारावं, हे कोणी केलं. रोज त्या फरशीवर बसून जेवलात. सांगायचं लय डाव तोंडावर आलं. पण सांगितलं असतं तं तुमी पुढच्या सुट्टीत हातोडा घेऊन बसला असता, म्हणून गप ऱ्हायले. आन् शेवटी तुमी इचारलं, तं असं इचारलं. मी दोन हातावर उबी होते. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. म्हणून गेले.

बन्सीधर मिस्त्रीचं वाचून बरं वाटलं. पंधरा-वीस घरं म्हणजे लय झाली. रडले बी जराशी, खोटं कशाला सांगू.

आता तुमच्या प्रश्नायची उत्तरं. वाळू कोरडी न्हाई, वली बी न्हाई. मुठीत दाबली तं लाडू व्हावा आन् मूठ सोडली की फुटावा. फरशी लाकडाच्या ठोकळ्यानं कडंकडंनं बसवायची, लोखंड लावायचं न्हाई. उतार मी तांब्यानं मोजला. एक तांब्या पाणी वतायचं आन् मोरीकडं जातंय का बघायचं. सांध्यात वाळूच. पण हे लिहून काय उपयोग न्हाई, हाताला कळावं लागतंय. तुमी नऊ डाव बसवली तीच फरशी दहाव्यांदा बसवू नका. तिच्या कोपऱ्याला आधी मीच छिन्नी लावली होती, ती दारामागची हाय, दुसरीकडं कुठंच बसत न्हाई.

खोलीला रंग दिला तो खोली कळकट होती म्हणून दिला. हात गप बसत न्हाईत माझे. सूर्यभानच्या घरात अजून लय कामं हायेत, पण ती त्याची त्यानं करावी. माणसानं कुठं बी दुरुस्ती करत हिंडू नये.

येते मी. शनिवारच्या सकाळच्या गाडीनं. तीन नव्या फरश्या लागतील त्या परभणीला जाऊन आणू. निवडणार मी, उचलणार तुमी. घरी आल्यावर काम माझ्या सांगण्यानं व्हईल. मिस्त्री मी आन् बिगारी तुमी. बिगाऱ्यानं मधी बोलायचं न्हाई, बोलायचं असंल तं जेवायच्या सुट्टीत बोलायचं. तवा मात्र भरपूर बोला, दोन महिन्याचं हाय, मला बी ऐकायचं हाय.

हे कबूल असंल तं शनिवारी पिंगळीच्या फलाटावर उबे ऱ्हावा. मी डब्याच्या दारातच असंन. तुमी दिसला न्हाईत तं मी उतरणार न्हाई. गाडी तशी पुढं पूर्णेला जाते, आन् पूर्णेत माझी मोठी बहीण हाय. तिच्या घराचं छत गळायलंय.

नर्मदा